ड्रोन घेताय? देश, वजन, हेतू आणि तारीख विचारल्याशिवाय कुणाचं ऐकू नका

"माझा ड्रोन अडीचशे ग्रॅमच्या आतला आहे, काही परवानगी लागते का?" हौशी मंडळींच्या कुठल्याही ग्रुपवर हा प्रश्न टाका, संध्याकाळपर्यंत पाच उत्तरं येतात. एक म्हणतो, नोंदणी लागत नाही, बिनधास्त उडव. दुसरा म्हणतो, शंभर ग्रॅमच्या वर नोंदणी हवीच. तिसरा ऑनलाइन परीक्षा द्यायला सांगतो. चौथा म्हणतो, पन्नास फुटांच्या खाली राहिलास तर सगळं माफ. पाचवा सांगतो की भारतात ड्रोनवर सरळ बंदीच आहे.

गंमत अशी की यांतलं कुणीच थापा मारत नसतं. पहिला अमेरिकेतला नियम सांगतोय, दुसरा जपानमधला, तिसरा ब्रिटनमधला. चौथ्याचा नियम आपलाच आहे, पण २०१८ सालचा. पाचव्याने आयातबंदीची बातमी अर्धीच वाचलेली आहे. नवख्याची पंचाईत होते ती या पाचांची खिचडी करून त्यावर हजारो रुपये घातल्यावर.

मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, ड्रोन विकत घेऊनही उडवतो आणि स्वतः जोडूनही. नोंदणीपासून कस्टम्सच्या काउंटरपर्यंत बहुतेक ठिकाणी जाऊन आलोय. ठाणे-नवी मुंबईतल्या नव्या माणसाने कुठल्या क्रमाने जावं, ते खाली लिहितो.

१. उत्तर वाचण्याआधी ते कुठल्या देशातलं आहे हे ओळखा

सल्ला देणारा स्वतःचा देश क्वचितच सांगतो, पण त्याचे शब्द सांगतात. "पार्ट १०७", "ट्रस्ट", "लॅन्स", "एफएए" यांतलं काही दिसलं की तो अमेरिकन. "ओपन कॅटेगरी", "ए१, ए२, ए३", "सी-झिरो लेबल" म्हटलं की युरोपीय संघ. "फ्लायर आयडी" आणि "ऑपरेटर आयडी" अशी जोडी आली की ब्रिटन. "यूआयएन", "ग्रीन झोन", "डिजिटल स्काय" हे आपलं. एवढी ओळख पटली तरी निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

मग वजन. २५० ग्रॅम हा आकडा सगळीकडे ऐकू येतो म्हणून तो जागतिक नियम आहे असं वाटतं. पण त्या आकड्याने होतं काय, ते देशागणिक वेगळं आहे. अमेरिकेत फक्त हौस म्हणून उडवत असाल तर २५० ग्रॅमच्या खाली नोंदणी लागत नाही. युरोपीय संघात ड्रोन हलका असला तरी त्याला कॅमेरा असेल आणि तो खेळण्याच्या वर्गातला नसेल, तर उडवणाऱ्याला ऑपरेटर म्हणून नोंदणी करावीच लागते. ब्रिटनने १ जानेवारी २०२६ पासून परीक्षेची मर्यादा २५० वरून १०० ग्रॅमवर आणली. जपानने जून २०२२ मध्ये नोंदणी सक्तीची करून नियमांची मर्यादा १०० ग्रॅमवर आणली. त्याआधी तिथली मर्यादा २०० ग्रॅम होती, म्हणून डीजेआय या चिनी ड्रोन कंपनीने २०१९ मध्ये मॅव्हिक मिनी काढला तेव्हा जपानसाठी छोटी बॅटरी घालून १९९ ग्रॅमचा वेगळा ड्रोन विकला. नियम बदलला आणि त्या १९९ ग्रॅमची किंमत एका दिवसात शून्य झाली.

वजन म्हणजे उडतानाचं एकूण वजन, बॅटरी आणि वर चढवलेल्या सगळ्या वस्तूंसकट. डीजेआयचा मिनी ३ प्रो नेहमीच्या बॅटरीवर २४९ ग्रॅम भरतो, जास्त वेळ चालणारी मोठी बॅटरी लावली की २५० च्या वर जातो. प्रॉपेलर गार्ड, फिल्टर, वर चिकटवलेला दिवा हे सगळं धरायचं. खोक्यावरच्या आकड्यावर न जाता तयार ड्रोन सराफी वजनकाट्यावर ठेवा आणि आकडा दिसेल असा फोटो काढून ठेवा.

तिसरी गोष्ट हेतू. "मी पैसे घेतले नाहीत" एवढ्याने सगळीकडे सुटका होत नाही. अमेरिकेत मित्राच्या घरविक्रीच्या जाहिरातीसाठी फुकट फोटो काढून दिलेत तरी ते हौसेत बसत नाही, त्याला पार्ट १०७ म्हणजे हौसेपलीकडच्या उड्डाणाचा परवाना लागतो. आपल्याकडेही लग्नाचं शूट, बिल्डरच्या साइटचा व्हिडिओ, इन्स्टावरची पैशाची जाहिरात हे धंद्यात धरून चाला.

आणि तारीख. भारतात हा मुद्दा सगळ्यात जास्त घात करतो, कारण आपल्याकडे तीन वर्षांच्या आत नियमांचे तीन संच येऊन गेले. पहिला १ डिसेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यात नॅनोला, म्हणजे २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला, पन्नास फुटांखाली सूट होती आणि परवानगीशिवाय मोटारच सुरू होऊ नये अशी "नो परमिशन, नो टेकऑफ" ची सक्ती होती. दुसरा मार्च २०२१ मध्ये आला आणि पाच-सहा महिन्यांत गेला. तिसरा, ड्रोन नियम २०२१, ऑगस्ट २०२१ मध्ये आला आणि पुढच्या दुरुस्त्यांसह आजही तोच आधार आहे. एखाद्या लेखात यूएओपी, डीएएन किंवा ओएएन हे आधीच्या नियमांतले परवाने-क्रमांक मिळवण्याच्या सूचना दिसल्या की तो जुना आहे. बंद करा. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने ड्रोनसाठी स्वतंत्र विधेयकाचा मसुदाही लोकांपुढे ठेवला. त्यातली कलमं "नवा कायदा" म्हणून फिरवणारे संदेश येतात, तेव्हा मसुदा आणि कायदा यांत गल्लत करू नका.

२. आपला नियम थोडक्यात समजून घ्या

वजनाचे पाच वर्ग आहेत: २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, तिथून २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल, १५० किलोपर्यंत मीडियम आणि पुढे लार्ज. आपल्यासारख्यांचा संबंध पहिल्या दोघांशी.

आता परवान्याचं बघू. ज्याला पूर्वी लायसन्स म्हणायचे ते फेब्रुवारी २०२२ च्या दुरुस्तीनंतर रिमोट पायलट सर्टिफिकेट झालं. नॅनो उडवायला ते लागत नाही. मायक्रो हौसेसाठी उडवायलाही लागत नाही. मायक्रो घेऊन पैसे कमवायचे असतील तर लागतं, आणि ते अधिकृत प्रशिक्षण संस्थेकडूनच मिळतं. त्यासाठी वय १८ ते ६५ आणि दहावी पास. सर्टिफिकेट दहा वर्षं चालतं. "दोन दिवसांत घरबसल्या सर्टिफिकेट" अशी जाहिरात दिसली तर त्या संस्थेचं नाव डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) यादीत आहे का, ते आधी बघा.

आता सगळ्यात जास्त चुकवलं जाणारं कलम. नॅनोला आणि हौसेच्या मॉडेल ड्रोनला टाइप सर्टिफिकेटातून (त्या बनावटीला मिळणाऱ्या सरकारी मान्यतेतून) सूट आहे. नॅनोला पायलट सर्टिफिकेटातून सूट आहे. तिसऱ्या पक्षाच्या विम्यातूनही आहे. या तीन सवलती एकत्र करून लोक म्हणतात, "नॅनोला काहीच लागत नाही." पण ड्रोनचा नोंदणी क्रमांक, म्हणजे यूआयएन, ही चौथी गोष्ट. तिथे २०२१ च्या नियमांत नॅनोला वेगळं काढलेलं नाही. फी शंभर रुपये. शंभर रुपयांसाठी पुढचा मनस्ताप ओढवून घेऊ नये, असं माझं मत.

"हौसेचा मॉडेल ड्रोन" म्हणजे २५ किलोपर्यंतचा, शिक्षण, संशोधन, चाचणी किंवा करमणुकीसाठी वापरला जाणारा आणि नजरेच्या टप्प्यात उडवला जाणारा. शेवटची अट एफपीव्हीवाल्यांनी, म्हणजे गॉगलमध्ये ड्रोनच्या कॅमेऱ्याचं दृश्य बघत उडवणाऱ्यांनी, दोनदा वाचावी. गॉगल घातला की तुमची नजर ड्रोनवर नसते, त्याच्या कॅमेऱ्यावर असते. अमेरिका, ब्रिटन, युरोप सगळीकडे गॉगलवाल्याच्या शेजारी उघड्या डोळ्यांनी ड्रोन बघणारा दुसरा माणूस लागतो. आपल्याकडेही एकट्याने गॉगल घालून उडवू नका. सोबत बायको, भाऊ, शेजारचा पोरगा, कुणीही चालेल. फक्त त्याने मोबाइलमध्ये डोकं घालून बसू नये.

३. विकत घेण्याआधी दुकानदाराला एकच प्रश्न

"याचा यूआयएन माझ्या नावावर होईल का? बिलावर लिहून द्याल?" एवढंच विचारा. समोरचा "अहो, कुणी विचारत नाही" असं म्हणाला तर दुकानातून बाहेर पडा.

९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीचे ड्रोन आयात करायला मनाई आहे. तयार ड्रोन असो, सुटे करून आणलेला असो की अर्धवट जोडलेला, तिन्ही रूपांत. सूट आहे ती सरकारी संस्था, मान्यताप्राप्त शिक्षणसंस्था, संशोधन करणाऱ्या संस्था आणि संशोधनासाठी आणणारे उत्पादक यांना. बाजारात परदेशी ड्रोन राजरोस मांडलेले दिसतात, पण "विकायला आहे" आणि "तुमच्या नावावर नोंदता येतो" यांत फार अंतर आहे.

याच कारणाने अमेरिकेहून किंवा दुबईहून येणाऱ्या मावसभावाला "येताना एक मिनी आण" असं सांगू नका. प्रवाशांच्या कस्टम्स फॉर्मवर २०१६ पासून ड्रोनसाठी वेगळा रकाना आहे. त्यात "हो" लिहिलं तर ड्रोन अडकतो, "नाही" लिहून सापडला तर भाऊ अडकतो. आपल्या हौसेपायी मावशीचं बोलणं कोण खाणार?

सुट्या भागांवर मात्र ही बंदी नाही. मोटर, फ्लाइट कंट्रोलर, फ्रेम, प्रॉपेलर रीतसर आणता येतात. म्हणून इथल्या बऱ्याच हौशींनी जोडून उडवायची वाट धरली. पाचवं उत्तर देणाऱ्याने अर्धी वाचलेली बातमी हीच.

४. नकाशा उघडा, आणि उंची मजल्यांत मोजायला शिका

ठाणे-नवी मुंबईकरांनी सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलवर हवाई क्षेत्राचा नकाशा आहे, हिरवा, पिवळा आणि लाल. हिरव्यात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटरपर्यंत, परवानगी लागत नाही. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. लाल म्हणजे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाही, आणि ती तुम्हाआम्हाला हौसेसाठी मिळत नसते.

विमानतळाभोवती हिशेब बदलतो. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवा भाग फक्त २०० फुटांपर्यंत, त्याच्या वर पिवळा. ८ किलोमीटरच्या आत असाल तर अंदाज बांधत बसू नका, नकाशावर आपल्या जागेवर बोट ठेवून रंग बघा.

नवी मुंबईत तर जुनं सगळं गणित पुसून नव्याने मांडावं लागेल. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं सुरू झाली. उलवे, पनवेल, कामोठे, खारघर, बेलापूर, सीवूड्स, नेरूळ हे सगळं त्याच्या १२ किलोमीटरच्या आत येतं. खारघरच्या टेकडीवर किंवा पाम बीच रोडच्या कडेला "आम्ही इथे वर्षानुवर्षं उडवतोय" असं सांगणारे भेटतील. खरं सांगत असतील, पण ती वर्षं विमानतळ सुरू होण्याआधीची. वाशीकर आतापर्यंत फक्त सांताक्रूझच्या विमानतळापासूनचं अंतर बघायचे. त्यांना आता दोन्ही बाजूंनी मोजावं लागतं.

विमानतळाखेरीज आपल्याभोवती बाकीही बरंच आहे. कोलशेतला हवाई दलाचं केंद्र, खाडीपलीकडे ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र, उरणकडे नौदल आणि बंदर. नकाशावर या जागा ठळक दिसतात.

उंचीचं एक सोपं माप देतो. साधारण तीन मीटरला एक मजला धरा. २०० फूट म्हणजे वीस मजले, ४०० फूट म्हणजे चाळीस. घोडबंदर रोडवरच्या किंवा खारघरच्या पंचविसाव्या मजल्याच्या गच्चीवरून ड्रोन सोडलात तर पंखे फिरायच्या आधीच तुम्ही २०० फुटांच्या वर उभे आहात. पडद्यावर उंची शून्य दिसते, कारण ॲप उड्डाणाच्या जागेपासून मोजतं. नियम जमिनीपासून मोजतो. माळशेजला कड्याच्या टोकावरून दरीकडे नेलात तरी हेच होतं: पडद्यावर चाळीस मीटर आणि खाली जमीन तीनशे मीटरवर.

नकाशा एकदा बघून भागत नाही. प्रत्येक उड्डाणाआधी तो तपासायची जबाबदारी नियमाने उडवणाऱ्यावर टाकली आहे. स्थानिक पातळीवर पोलीस अधीक्षक किंवा त्यावरचे अधिकारी एखादा भाग एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल करू शकतात. मोठ्या नेत्याचा दौरा, निवडणूक, विसर्जन असं काही असेल तर आदल्या रात्रीचा स्क्रीनशॉट सकाळी कामाचा नसतो.

"ड्रोनने स्वतःहून उडू दिलं, म्हणजे चालतं" हा समज तर पार काढून टाका. उत्पादकाचं कुंपण (निषिद्ध जागी ड्रोन उडू न देणारं सॉफ्टवेअर) आणि सरकारचा नकाशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डीजेआयने जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत हे कुंपण काढून नुसती सूचना दाखवायला सुरुवात केली. ड्रोन उडाला याचा अर्थ मोटर चालू आहे, इतकाच.

५. नकाशा हिरवा असला तरी पोलीस, वन खातं आणि सोसायटी

नकाशा केंद्राचा. त्यावर पोलीस आयुक्तांचा मनाई आदेश येतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली (पूर्वीचं १४४). मुंबई परिसरात ड्रोन, पॅराग्लायडर, हॉट एअर बलून यांच्यावर असे आदेश वेळोवेळी निघतात. त्यांना मुदत असते, एकेक आदेश जास्तीत जास्त दोन महिन्यांचा, मग कधी नवा निघतो, कधी नाही. ग्रुपवर फिरणारा "ठाण्यात बंदी" हा फोटो मागच्या वर्षीचा असू शकतो आणि "आता बंदी उठली" हा संदेशही तितकाच शिळा. आदेशाची तारीख आणि मुदत वाचा. मोडलात तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा दाखल होतो, ड्रोनच्या नियमांखालचा एक लाखापर्यंतचा दंड निराळा.

आयुक्तालय कुठलं, हेही बघा. आपल्याकडे दोन-चार किलोमीटरवर हद्द बदलते. चेक नाका ओलांडून मुलुंडला गेलात की मुंबई पोलीस. ऐरोली पूल उतरलात की नवी मुंबई. गायमुखचा घाट चढून घोडबंदर किल्ल्याकडे गेलात की मीरा-भाईंदर वसई-विरार. डोंबिवली, कल्याण, भिवंडी मात्र ठाण्यातच. माझा परिपाठ असा: नव्या जागी जायचं असेल तर तिथल्या पोलीस ठाण्यात आधी फोन करतो, यूआयएन आणि वेळ सांगतो, बोलणाऱ्याचं नाव वहीत टिपून ठेवतो. याने परवानगी मिळत नाही. पण कुणी तक्रार केलीच तर "कोण आहे हा?" इथून सुरुवात होत नाही.

येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग. तिथे वन खात्याच्या परवानगीशिवाय नाही. फ्लेमिंगोंचं तर नावच काढू नका. ठाणे खाडीचा पट्टा २०१५ पासून अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). गुलाबी थव्यावरून ड्रोनचा शॉट बघायला छान वाटतो, पण पंख्यांचा आवाज आला की चरणारा थवा उठतो, आणि वन्यजीव कायद्यात शिकारीच्या व्याख्येत प्राण्याला हुसकावून हाकणंही येतं.

सोसायटीचं वेगळंच. आकाश सोसायटीचं नाही, पण गच्ची आणि आवार सोसायटीचं आहे. सेक्रेटरींना आधी सांगा. कॅमेरा लोकांच्या खिडक्यांकडे वळवू नका. चुकून वळला असेल तरी समोरच्या विंगेतल्या काकू चुकून मानणार नाहीत, आणि महिलांचं खासगी चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खालचा गुन्हा आहे.

६. स्वतः जोडत असाल तर फ्रिक्वेन्सीत फसू नका

परदेशी व्हिडिओ बघून जोडणाऱ्यांना हा सापळा दिसतच नाही, कारण चुकलं तरी ड्रोन उत्तम उडतो. एक्सप्रेस एलआरएस या रिमोट आणि ड्रोन जोडणाऱ्या रेडिओ प्रणालीचा रिसीव्हर तयार करताना एक यादी समोर येते: एफसीसी ९१५, ईयू ८६८, आयएन ८६६, आणखी काही. व्हिडिओतला अमेरिकन ९१५ निवडतो, त्याच्या देशात तो पट्टा मोकळा आहे. आपल्याकडे त्याच भागात मोबाइल फोनची सेवा चालते. आपला विनापरवाना पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ, म्हणून यादीत "आयएन ८६६". ट्रान्समीटर आणि रिसीव्हर दोन्हींवर तोच निवडा, नाहीतर ते एकमेकांना ओळखणारच नाहीत. डोकेदुखी नको असेल तर २.४ गिगाहर्ट्झचा संच घ्या. आपल्या मैदानांवर, गच्च्यांवर तेवढा पल्ला पुरून उरतो.

"सीईमधून एफसीसी मोडमध्ये टाक, रेंज वाढते" (म्हणजे युरोपच्या मर्यादेतून अमेरिकेच्या) हा सल्लाही याच जातीचा. रेंज वाढते, कारण दुसऱ्या देशाची जास्त शक्तीची मर्यादा लागू होते. लांब पल्ल्याच्या नादात १.३ गिगाहर्ट्झचे व्हिडिओ ट्रान्समीटर मागवणारेही असतात. अमेरिकेत हे लोक हॅम रेडिओचा परवाना काढून करतात, व्हिडिओत तेवढं वाक्य मात्र गाळलेलं असतं.

७. परदेशी नेणार असाल तर

आपली नोंदणी आपल्या देशापुरती. दुसरीकडे पहिल्यापासून सुरुवात.

अमेरिका: ट्रस्ट ही ऑनलाइन परीक्षा फुकट आहे आणि हौशी उडवणाऱ्या सगळ्यांना लागते, ड्रोन कितीही हलका असो. २५० ग्रॅम किंवा त्यावर असेल तर एफएए या तिथल्या विमान वाहतूक प्राधिकरणाच्या पोर्टलवर नोंदणी, पाच डॉलर, तीन वर्षांसाठी. नोंदणी लागणाऱ्या ड्रोनला रिमोट आयडीही (उडताना ड्रोनची ओळख प्रसारित करणारी यंत्रणा) लागतो, आणि इथून नेलेल्या ड्रोनमध्ये तो नसला तर वेगळं मॉड्यूल बसवावं लागतं. राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून मनाई आहे. ग्रँड कॅन्यनचं स्वप्न सोडा.

युरोपीय संघ: ज्या देशात पहिल्यांदा उडवणार तिथे ऑपरेटर म्हणून नोंदणी करा, ती सगळ्या सदस्य देशांत चालते. पण निषिद्ध क्षेत्रं आणि विम्याचे नियम देशागणिक वेगळे. जर्मनीत विमा सक्तीचा आहे. ब्रिटन आता संघात नाही, तिथे वेगळी नोंदणी.

थायलंड: कॅमेरा असेल तर वजन कितीही असो, नोंदणी आणि विमा हवाच. चार दिवसांच्या पट्टाया सहलीसाठी हा व्याप कुणी करू नये.

सिंगापूर: २५० ग्रॅमच्या वर नोंदणी, ६० मीटरच्या वर परवाना. बेटच लहान आहे, विमानतळांपासून ५ किलोमीटर सोडले की उरतं किती!

दुबई आणि बाकी अमिराती: जानेवारी २०२२ मध्ये हौशी उड्डाणांवर पूर्ण बंदी आली, पुढे टप्प्याटप्प्याने सैल झाली. त्यामुळे २०२१ चा, २०२३ चा आणि आजचा सल्ला तीन दिशांना जातो. तिकीट काढण्याआधी तिथल्या नागरी उड्डाण प्राधिकरणाचं संकेतस्थळ बघा.

इजिप्त आणि मोरोक्को: ड्रोन घरी ठेवा. विमानतळावरच काढून घेतात.

नेपाळ: शेजारी आहे, व्हिसा नाही, म्हणून लोक गृहीत धरतात. तिथे नागरी उड्डाण प्राधिकरणाखेरीज जागेप्रमाणे प्रशासनाच्या आणि उद्यानांच्याही परवानग्या लागतात.

८. बॅटरी आणि कस्टम्स

लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत, केबिनमध्येच न्यायच्या. १०० वॅट-अवरपर्यंत वेगळी मंजुरी लागत नाही, १०० ते १६० मध्ये विमान कंपनीची लागते, त्यावर नाही. हिशेब सोपा: मिलीअँपिअर-अवरला हजाराने भागा, व्होल्टने गुणा. सहा सेलची, २२.२ व्होल्टची, १३०० ची बॅटरी म्हणजे १.३ गुणिले २२.२, साधारण २९ वॅट-अवर. आकडा बॅटरीवर छापलेला नसेल तर सुरक्षा तपासणीत वाद होतो, म्हणून छापील बॅटरीच घ्या. टोकांना चिकटपट्टी लावा, चार्ज अर्ध्यावर ठेवा.

जाताना विमानतळावर कस्टम्सकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. ड्रोन प्रत्यक्ष दाखवावा लागतो आणि सीरियल नंबर लिहिला जातो, त्यामुळे हे काम बॅग देण्याआधी करायचं. येताना ड्रोन जाहीर करा आणि हा कागद पुढे करा. तो नसला की आपलाच जुना ड्रोन नवा आणलेला नाही हे सिद्ध करत बसावं लागतं, आणि आयातबंदीमुळे तो वाद नुसत्या ड्युटीवर मिटत नाही.

९. जवळ ठेवायची फाइल

नोंदणीसाठी पूर्वी पासपोर्ट लागायचा. ऑगस्ट २०२४ च्या दुरुस्तीनंतर मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड किंवा वाहन परवाना असा सरकारी ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा चालतो. डिजिटल स्कायवरच्या बऱ्याच सेवा आता डीजीसीएच्या ईजीसीए पोर्टलकडे नेल्या आहेत, त्यामुळे जुन्या व्हिडिओतली बटणं शोधत बसू नका. एजंट लावायची गरज नाही.

मी मोबाइलमध्ये आणि छापील, दोन्ही प्रती ठेवतो:

- यूआयएनचा कागद, आणि ड्रोनवर चिकटवलेला तोच क्रमांक
- जीएसटीचं बिल, जोडलेला ड्रोन असेल तर सुट्या भागांची बिलं
- ओळखपत्र
- वजनकाट्यावरचा फोटो
- विम्याचा कागद (नॅनोला सक्ती नाही, पण पार्किंगवरून उडवणार असाल तर घ्या, काच स्वस्त नसते)
- पायलट सर्टिफिकेट, लागू असेल तर
- त्या दिवसाचा, वेळ दिसेल असा नकाशाचा स्क्रीनशॉट

पोलिसांनी विचारलं तर आधी ड्रोन उतरवा, मग बोला. हवेत ठेवून हुज्जत घालू नका. "साहेब, नॅनोला काही लागत नाही" हे वाक्य टाळा, यूआयएन दाखवा.

अपघात झाला, ड्रोन कुणाच्या गाडीवर पडला, कुणाला लागलं, तर ४८ तासांच्या आत पोर्टलवरून डीजीसीएला कळवायचं असतं. पळून जाऊ नका, मेमरी कार्ड पुसू नका. उड्डाणाची नोंद ॲपमध्ये राहते, ती त्याच दिवशी उतरवून घ्या, कारण ॲप अपडेट झालं की जुन्या नोंदी कधी कधी सापडत नाहीत.